टाचा टेकव

९ जानेवारी

टिंगू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू कपाळाला आठ्या घातल्या असतील, पण आता उघडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस. कागदाचं एक बरं असतं, फेकायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

घाबरू नकोस, कामाचं पत्र आहे. आपलं संग्रहालय बंद आहे. कायमचं नाही गं, छप्पर गळायला लागलं म्हणून. मधल्या दालनात बादल्या ठेवून आम्ही एक अख्खं प्रदर्शन निभावलं. शेवटी एक पाहुणे त्या बादल्यांसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि "धाडसी मांडणी आहे" म्हणाले, तेव्हा संचालकबाईंनी दुरुस्ती काढली. आता चित्रं तळघरात, भिंती खरवडलेल्या, आणि आम्ही सगळे घरात बसून संग्रहालय चालवतोय. दर शनिवारी एक जुनी फिल्म ऑनलाइन दाखवतो, मग गप्पा. रविवारी माझा मुलांचा वर्ग, तोही ऑनलाइन. परवा म्हटलं, घरातल्या भिंतीवरची तुमची आवडती गोष्ट काढा. एकाने विजेचं बटण काढलं. एका मुलीने पाल काढली. पाल इतकी झकास होती की तिची आई मागून किंचाळली.

तर शनिवारची लिंक तुझ्या मेलवर टाकली आहे. बघायला खरं नाव द्यावं लागत नाही, कॅमेरा लावावा लागत नाही. तुझ्यासारख्या तुसड्या माणसांची सोय केली आहे.

बाबा मजेत आहेत. तुझं नाव काढत नाहीत, तेव्हा ती काळजी नको.

सामान हलवताना मागच्या कामाच्या खोलीत गेले होते. खिळ्यांचे डबे, दोऱ्यांची भेंडोळी, डिंकाचा तो वास. शाळा सुटली की आपण दोघी तिथेच असायचो, कारण आई गेल्यावर घरी आपली वाट बघायला होतं कोण? बाबा शिडीवर, मी खाली शिडी धरून आणि तू आमच्या पायात लुडबुडत. मला 'शिडी' तू तिथेच म्हणायला लागलीस. तुला टिंगू मी म्हटलं आणि सगळ्या संग्रहालयाने ते उचललं, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. नाव शोभतंच तुला.

तुझं चित्र अजून त्या खोलीत आहे. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, भिंतीकडे तोंड करून. न्यायला येते म्हणाली होतीस, त्याला सहा वर्षं झाली. चादर मात्र दर वेळी धुतलेली दिसते. मी धूत नाही.

तुझी
शिडी


३० जानेवारी

टिंगू,

उत्तर नाही. ठीक आहे, मी काही कमी चिवट नाही.

आज जे सांगायचं आहे त्यासाठी मला आधी त्या संध्याकाळबद्दल लिहावं लागेल, आणि मला माहीत आहे की ते तुला आवडणार नाही. नव्या चित्रकारांचं प्रदर्शन, त्यात तुझं पहिलं चित्र, आणि ते टांगायला खुद्द बाबा. बाबांनी ते लावलं तसंच, जसं ते सगळं लावायचे: इतर संग्रहालयांपेक्षा चार बोटं खाली. लोक त्यावरून बोलायचे, आधीचे संचालक तर कायम कुरकुरायचे, पण बाबा ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तिथेच खिळा ठोकायचे. उद्घाटनाला थोडाच वेळ होता. तू त्यांचा खिळा उपटलास आणि चित्र वर लावलंस. बाबा आले, त्यांनी भिंतीतलं ते उघडं भोक बघितलं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आयुष्यभर चित्रं टांगलीत, पण नजर कुठे असते तेवढं कळलं नाही तुम्हाला." आणि बाबा म्हणाले, "ज्याला भिंत कळत नाही त्याने चित्रं काढू नयेत." दोघंही एकाच मातीची मडकी. ते हत्यारांची पेटी घेऊन घरी गेले, तू महिन्याभरात देश सोडलास, आणि माझं मधल्या मध्ये सँडविच झालं.

आता ऐक. तळघरात एका गंजक्या डब्यात एक रीळ सापडलं. संग्रहालय नवीन होतं तेव्हा कुणीतरी हौसेने चित्रण केलेलं, भिंतीवर चित्रं कशी चढतात त्याचं. आवाज नाही. आमच्या फिल्मवाल्याने ते साफ करून संगणकावर आणलं आणि मला म्हणाला, "ताई, यात तुमचे वडील आहेत. काळे केस असलेले." मी हसत हसत बघायला बसले.

टिंगू, त्यात आई आहे.

तुला आई आठवतच नाही. माझ्याकडे तिचे तीन-चार फोटो आणि एक आवाज आहे, तो आवाजही आता खरा की मी बनवलेला, सांगता येत नाही. फोटोतली आई कधी हलली नाही. इथे ती चालत येते, डबा खाली ठेवते, कुणाकडे तरी बघून हसते. मी तिथेच थांबवलं आणि फिल्मवाल्याला चहा आणायला पाठवलं, कारण मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

पुढे ती भिंतीला पाठ लावून उभी राहते. बाबा तिच्या केसांत खोचलेली पेन्सिल काढतात आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर खूण करतात. मग एक काठी त्या खुणेला लावून काठीवर खाच पाडतात. ती आपण घोडा घोडा खेळायचो ती काठी गं. मग बाबा त्या काठीने मापून पुढचा खिळा ठोकतात, त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा. सगळी भिंत.

आई तुझ्याएवढीच होती. बुटकी. एवढंच कारण होतं त्या चार बोटांचं.

मी बाबांना ते दाखवलं. ते खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "बघ, टाचा उचलल्या हिने. रोज सांगायचो टाचा टेकव, तरी उचलायचीच." मग परत लावायला सांगितलं. मग परत.

महिन्याभरात ती फिल्म दाखवणार आहोत. तारीख मेलवर.

शिडी


१७ फेब्रुवारी

टिंगू,

पहिल्या पत्रात मी थाप मारली होती. बाबा मजेत नाहीत. दिवाळीत शिडीवर चढले होते घरी, पंख्याची धूळ पुसायला, आणि पडले. हाड सांधलं, पण उजवा हात तेव्हापासून कापतो. चहाचा कप आता अर्धाच भरून देते. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. तुझं नाव काढत नाहीत हे मात्र खरं होतं, कारण ते 'ती' म्हणतात. "ती जेवत असेल ना वेळेवर?" मी म्हणते, "कोण ती?" की लगेच पेपर उघडतात.

तर बातमी अशी. संचालकबाईंनी फिल्म बघितली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आल्या. संग्रहालय पुन्हा उघडेल तेव्हा मधलं दालन त्या फिल्ममधल्यासारखं लावायचं, त्याच उंचीवर, आणि ते बाबांनी लावायचं. खिळे ठोकायला माणसं देतील, खुणा मात्र बाबांच्या. बाबा "बघू" म्हणाले. बाई गेल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखालून काढली आणि प्रत्येक वस्तू पुसून परत ठेवली. मी त्यांना इतकं खूश कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि इथेच माशी शिंकली. त्यांनी उंची कधी मोजलेलीच नाही! आकडा विचारला तर म्हणतात, "आकडा कशाला? काठी होती ना." काठी आता कुठे? खोली रिकामी करताना भंगारात गेली. आईची एक खूण कामाच्या खोलीच्या दारामागेही होती म्हणे, आपल्याला कधी कळलंही नाही. रंगाऱ्यांनी ती भिंत घासून, पुट्टी लावून, दोन हात मारून गुळगुळीत करून ठेवली आहे. बाकी कुठेही त्यांनी एवढं मन लावून काम केलेलं नाही. बाबा निवृत्त झाल्यावर नंतरच्यांनी सगळी चित्रं वर घेतली होती, म्हणजे जुने खिळेही नाहीत. फिल्मवाला म्हणाला, चित्रणावरून गणित करून काढतो. काढलं. पण कॅमेरा तिरका होता, त्याच्या हिशेबाने आई एकदा बाबांच्या खांद्याला लागते आणि एकदा कोपराला.

मग मी उभी राहिले. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, जमेल तेवढी आखडून. बाबा म्हणाले, "अजून खाली." म्हटलं, "बाबा, याच्या खाली मी गेले तर मला उचलायला माणसं लागतील." ते हसले नाहीत. पेन्सिल लावली, मागे सरकून बघितलं आणि पुसली. पुन्हा लावली, पुन्हा पुसली. मग म्हणाले, "हे ते नाही." आणि तिथेच पुट्टीच्या पोत्यावर बसले.

तिथूनच म्हणाले, "ती कॉलेजात असताना एकदा दारामागे लपली होती, तुला घाबरवायला. मी दार ओढलं. खूण बरोबर तिच्या डोळ्यांशी होती." मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत तिला?" म्हणाले, "काय सांगायचं? तुझी आई इथे होती म्हणून?"

टिंगू, मला गोड बोलून पटवता येत नाही, म्हणून सरळ लिहिते. मी नऊ जानेवारीपासून लिंक लिंक करते आहे, पण मला तू यायला हवी आहेस. संग्रहालय एप्रिलच्या शेवटी उघडेल. बाबांच्या हातून ही शेवटची भिंत लागेल, पुढच्या वर्षी पेन्सिल धरता येईल की नाही ठाऊक नाही. आणि ती भिंत तुझ्याशिवाय लागत नाही. माफी वगैरे कुणी मागायची ते तुमचं तुम्ही बघा, नाही मागितलीत तरी चालेल. फक्त येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहा.

शिडी


२ मार्च

टिंगू,

काल फिल्म दाखवली. प्रेक्षकांच्या यादीत एक जण नुसतं टिंब लावून बसला होता. नाव नाही, गाव नाही, एक टिंब. आता एवढं छोटं नाव घेणारं माणूस मला एकच माहीत आहे.

नंतरच्या गप्पांना बाबांना मी कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हात टेबलाखाली. लोक नेहमीचं विचारत होते, खिळे कोणते, दोरी कशाची. मग त्या टिंबाचा प्रश्न आला: "त्या बाई टाचा का उचलतात?"

मी तो मोठ्याने वाचला. माझा आवाज बरा होता की नाही ते तूच सांग. पुढचं तू ऐकलंसच, पण जोडणी मधेच तुटत होती, म्हणून लिहून ठेवते. बाबा म्हणाले, "पहिलं प्रदर्शन मी नियमाप्रमाणे लावलं होतं. ती बघायला आली आणि घरी जाऊन मान चोळत बसली. सगळं वर बघून बघून दुखली होती. म्हणून मग मी तिच्या नजरेला लावायला लागलो. पण वरचे लोक मला रागवायचे. ते तिला कळलं. मग ती खूण करताना टाचा उचलायची, म्हणजे खूण वर जाईल आणि मला बोलणी बसणार नाहीत. तिलाही वाटायचं, मी चित्रं फार खाली लावतो." मग म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांनाच वाटायचं."

हे म्हणताना ते कॅमेऱ्यात बघत होते. त्यांना वाटतं कॅमेऱ्यात बघितलं की एकाच माणसाला दिसतं.

टिंब त्यानंतर लगेच गेलं.

शिडी


११ मार्च

टिंगू,

"तिकीट काढलं. चारच दिवस. त्यांना सांगू नकोस." सहा वर्षांत तुझ्याकडून आलेला हा सगळ्यात लांब मजकूर. मी तो छापून फ्रिजवर लावणार होते, पण मग बाबांना कळलं असतं.

सांगत नाही. तुझ्या खोलीतली शिलाई मशीन फक्त हलवली. बाबांनी विचारलं का, तर म्हटलं, धूळ झाली होती.  संध्याकाळी बघते तर खिडकीचा तो अडकणारा कडीकोयंडा तेल घालून ठेवलेला. तेव्हा कोण कुणाला फसवतंय ते देव जाणे.

शिडी


२७ एप्रिल

टिंगू,

काल उघडलं. तू असायला हवी होतीस, पण तुझ्या त्या नोकरीपुढे कुणाचं काय चालतं. तुला सगळं सांगायचं आहे, आणि आधी एक गोष्ट तू आलीस त्या दिवसाची सांगायची आहे, कारण तू भिंतीला पाठ लावून समोर बघत होतीस, तेव्हा तुला ती दिसलीच नाही.

तू दालनात आलीस तेव्हा बाबा मला म्हणाले होते, "शिडी आण." मी म्हटलं, "कुठली, मी की लाकडाची?" आणि मागे वळून त्यांनी तुला बघितलं. मला वाटलं आता काहीतरी होणार, रडारड नाहीतर भांडण. तू नमस्कार नाही, काही नाही, सरळ जाऊन भिंतीला टेकलीस. आणि सवयीने टाचा उचलल्यास! लहानपणापासून एकाही फोटोत तुझे पाय जमिनीला नाहीत. बाबा म्हणाले, "टाचा टेकव." सहा वर्षांनी बापाने मुलीला म्हटलेला पहिला शब्द. तू टेकवल्यास.

मग त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तू रडायला लागलीस. टिंगू, तुझा हिरमोड करायचा नाही, पण ते तुला आशीर्वाद देत नव्हते. ते पेन्सिल शोधत होते. पेन्सिल त्यांच्या स्वतःच्या कानामागे होती, पण हात गेला तुझ्या केसांकडे. केसांत पेन्सिल नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तरी हात तिथून निघाला नाही. तो कापत होता, म्हणून तुझे केस हलत होते. हे मी मागून बघितलं. नंतर रात्री जेवताना तुम्ही दोघं पुट्टी चांगली की चुना चांगला यावर वाद घालत बसलात, तेव्हा मला कळलं की माझं सँडविच संपलं.

तू गेल्यावर चित्रं चढली. नवी काठी, नवी खाच. बाबा खुर्चीवर बसून बोटाने दाखवत होते आणि पोरं ठोकत होती. संपूर्ण भिंत तुझ्या नजरेला लागली, म्हणजे आईच्या. सगळ्यात शेवटी बाबा म्हणाले, "चादरीतलं आणा."

संचालकबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. तुझं चित्र आणलं. पोरगा काठी लावायला गेला तर बाबा म्हणाले, "तिथे नाही." स्वतः उठले. भिंतीवर, तू जिथे उभी होतीस तिथे, खुणेच्या वर आणखी एक फिकट खूण होती. आपल्याला कुणालाच दिसली नव्हती. टाचा टेकव म्हणण्याआधी त्यांनी गुपचूप नखाने ओढून ठेवली असणार. तुझं चित्र त्या खुणेला लागलं आहे. सगळी रांग एका रेषेत आणि एकटं तुझं वर. बाईंनी हळूच विचारलं, "हे ओळीत घ्यायचं का?" बाबा म्हणाले, "नको. त्या दोघी टाचा उचलतात तेव्हा तिथेच बघतात."

मी तिथून मुलांच्या वर्गाची तयारी करायला म्हणून निघून गेले. तयारी काही नव्हती.

आज सकाळी वर्ग झाला. खराखुरा, दालनात, जमिनीवर बसून. ती पालवाली मुलगीही आली होती, अपेक्षेपेक्षा ठेंगणी निघाली. सगळी भिंत त्यांनी आरामात बघितली, कुणाच्याही मानेला त्रास नाही. तुझ्या चित्रापाशी आल्यावर पालवाली म्हणाली, "हे एकच वर का?" मी तोंड उघडेपर्यंत तिने टाचा उचलल्या. मग तिच्या शेजारच्याने. मग सगळ्या वर्गाने, एकमेकांचे खांदे धरून, डुगडुगत.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी कुणालाही टाचा टेकवायला सांगितलं नाही.

तुझी
शिडी